जहाजातून उतरलेले पंथ

नगरचा ख्रिस्ती माणूस काँग्रिगेशनल का आणि नाशिकचा अँग्लिकन का, याचे उत्तर बायबलात सापडायचे नाही. ते मिशनच्या नकाशात सापडते. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि पुढे सोलापूर, सातारा, वाईपर्यंत हातपाय पसरले. नाशिकला १८३२ पासून इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीची माणसे होती. मुंबई-पुण्यात स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे नागपुरातही तेच. जालन्याला त्यांच्यापैकीच नारायण शेषाद्री. कोल्हापूर-मिरज अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे. डहाणू-वाड्याच्या बाजूला अमेरिकेतलाच, पण चालीरीतींनी अगदी निराळा असा ब्रदरन पंथ. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने काम सुरू करायचे नाही, असा या मिशनांचा आपसातला समझोता होता. भांडणे टळावीत, पैसा आणि माणसे वाया जाऊ नयेत, हा हेतू. आणि तो वाईट नव्हता. पण परिणाम असा झाला की माणसाचा पंथ त्याच्या तालुक्यावरून ठरू लागला.

हे पंथ ज्या भांडणांतून जन्मले, ती भांडणे आपल्याकडची नव्हतीच. इंग्लंडात १६४९ साली पहिल्या चार्ल्स राजाचे डोके उडाले, १६६२ साली नव्या प्रार्थनापुस्तकापुढे मान न तुकवणारे सुमारे दोन हजार पाळक चर्चमधून बाहेर पडले, आणि चर्चला बिशप हवा की नको हा प्रश्न तिथे जिवावर बेतण्याइतका खरा होता. काँग्रिगेशनल म्हणत, प्रत्येक मंडळी आपली आपण मुखत्यार, वर कोणी नको. प्रेस्बिटेरियन म्हणत, कारभार वडीलजनांच्या सभेने चालवावा. अँग्लिकनांचे म्हणणे असे की प्रेषितांपासून हातावर हात ठेवून चालत आलेली बिशपांची परंपरा तुटली तर पाळकाच्या दीक्षेतच खोट राहते. बाप्टिस्टांना अजाण बालकाचा बाप्तिस्मा मान्य नव्हता. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने कबुली देऊन, पाण्यात पूर्ण बुडून घेतला तोच खरा. या प्रत्येक मतामागे तुरुंगवास, देशोधडी आणि रक्त होते. नेवासे तालुक्यातल्या महारवाड्यातून मंडळीत आलेल्या माणसाने मात्र यातले काही पाहिले नव्हते. जहाजातून सामानसुमानाबरोबर उतरलेले दुसऱ्यांचे दोनशे वर्षांचे वैर त्याला वतनासारखे मिळाले.

वतन म्हटले की तंटे आलेच. १८७०च्या दशकात इंग्लंडची दुसरी अँग्लिकन संस्था, म्हणजे एसपीजी, अमेरिकनांच्या नगर जिल्ह्यात शिरली आणि एकाच गावात दोन मिशनच्या दोन शाळा दिसू लागल्या. एका मिशनमधून काढलेला शिक्षक दुसऱ्याकडे लागू लागला. दोन्हीकडचे गोरे साहेब एकमेकांविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रारी धाडत राहिले. खरी अडचण पुढे आली ती लग्नकार्यात आणि नोकरीधंद्यात. नगरच्या काँग्रिगेशनल घरातली मुलगी नाशिकच्या अँग्लिकन घरात सून म्हणून गेली, की बिशपने डोक्यावर हात ठेवून दृढीकरण केल्याशिवाय तिला तिथे प्रभुभोजन घेता येत नसे. जन्मभर ख्रिस्ती असलेल्या बाईने सासरच्या देवळात भाकर आणि प्याला पुढे येताना हात आवरून बसायचे. गिरणीत किंवा रेल्वेत कामाला म्हणून मुंबई गाठणाऱ्याचे वेगळेच. त्याला त्याच्या तालुक्याची मंडळी सापडली तर ठीक.

पुण्याच्या पंचहौद मिशनमधले १८९० सालचे चहा प्रकरण मराठी वाचकाला पाठ आहे. लोकमान्य, रानडे आणि इतर मंडळी तिथे व्याख्यानाला गेली, पुढे चहा आला, आणि त्यावरून प्रायश्चित्ताचा जो वाद पेटला तो शंकराचार्यांपर्यंत पोचला. त्या वादाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. पंचहौद मिशन चालवणारे फादर कडव्या अँग्लिकन परंपरेतले होते. त्यांच्याकडे ब्राह्मणाला चहा मिळे, पण अमेरिकन मिशनच्या मराठी ख्रिस्ती माणसाला, तो कितीही भाविक असो, वेदीपाशी प्रभुभोजन मिळाले नसते. शिवाशीव पाळण्याचा मक्ता एकट्या सनातन्यांकडे नव्हता.

याच फादरांच्या वर्तुळातून, नीलकंठ ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्या विचारांचा धागा धरून पंडिता रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे वळल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेज गावी त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही अँग्लिकन जोगिणींच्या मठात. जोगिणींना वाटले, एक विदुषी आपल्या चर्चला मिळाली. रमाबाईंना वाटत होते की त्या ख्रिस्ताला मिळाल्या आहेत. पुढची काही वर्षे सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांचा जो पत्रव्यवहार चालला तो वाचताना आजही मजा वाटते. एक बाजू आज्ञाधारकपणाचा आग्रह धरते, दुसरी बाजू वेदान्त कोळून प्यायलेली, ती प्रत्येक सिद्धान्ताला पुरावा मागते. इंग्लंड-अमेरिकेत गेल्यावर ख्रिस्ती पंथांची जी गर्दी दिसली तिने आपण चक्रावून गेलो, असे त्यांनी पुढे आत्मकथनपर लिखाणात सांगितले आहे. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी शेवटपर्यंत कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. त्या काळच्या मिशनरी वर्तमानपत्रांना हे पचायला जड गेले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मार्ग वेगळा होता. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, मग अमेरिकन मराठी मिशनची चाकरी, पाळकपद, ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन. मिशनचा पगार घेत असताना त्यांनी इतकी गीते लिहिली की महाराष्ट्रातल्या जवळपास साऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या, पंथ कोणताही असो, रविवारी त्यांच्याच चालींवर गाऊ लागल्या. बिशपावरून भांडणाऱ्या मंडळ्यांना अभंगावरून भांडायचे सुचले नाही, हे नशीबच. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती, न झालेल्यांनाही. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते वारले. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले जॅक विन्स्लो यांनी, आणि हे विन्स्लो नगरलाच, पण अमेरिकनांच्या नव्हे, एसपीजीच्या अँग्लिकन कंपाऊंडात राहत.

टिळक गेले त्याच महिन्यात, त्यांच्या मृत्यूच्या आठवडाभर आधी, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला एक बैठक भरली होती. तिथे पोचण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

सेरामपूरच्या विल्यम केरीला १८०६ साली एक कल्पना सुचली. मराठी व्याकरण नुकतेच छापून मोकळा झालेला हा बाप्टिस्ट मिशनरी म्हणाला की जगाच्या चारी दिशांना काम करणाऱ्या सर्व पंथांच्या मिशनऱ्यांनी १८१०च्या सुमारास आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, एकत्र जमावे. इंग्लंडातल्या त्याच्या सहकाऱ्याने हे छान स्वप्न आहे असे म्हणून विषय मिटवला. अशी परिषद भरली ती बरोबर शंभर वर्षांनी, जून १९१० मध्ये, एडिंबरोला. सुमारे बाराशे प्रतिनिधी होते. आशियातले लोक मात्र दीड डझनाच्या आसपास. रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळींना बोलावणेच नव्हते.

त्या दीड डझनांत तिरुनेलवेलीकडचे वेदनायगम सॅम्युएल अझरय्या होते. वय पस्तिशीचे, वायएमसीएचे माजी कार्यकर्ते. बोलायला विषय मिळाला होता परदेशी मिशनरी आणि देशी सेवक यांच्यातल्या संबंधांचा. अझरय्यांनी साखर पेरली नाही. तुम्ही आमच्यासाठी पैसा दिलात, कष्ट केलेत, प्राणही वेचलेत, त्याबद्दल आमच्या पुढच्या पिढ्या ऋणी राहतील. पण वर्षानुवर्षे बरोबर काम करणाऱ्या देशी माणसाला तुम्ही कधी घरी जेवायला बोलावले नाही, त्याच्या घरी गेला नाहीत. आम्हाला आता मैत्र द्या, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृहात काहींना ते लागले, काहींना खटकले. अडीच वर्षांनी, डिसेंबर १९१२ मध्ये, हेच अझरय्या निजामाच्या राज्यातल्या डोर्नकलचे बिशप झाले. भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप.

आणि १९१९ च्या १ आणि २ मे रोजी तरंगमबाडीला भरलेल्या त्या बैठकीच्या मागे तेच होते. सोबत साउथ इंडिया युनायटेड चर्चचे सांतियागो. जमलेल्या ३३ जणांत ३१ भारतीय. ठिकाण जाणीवपूर्वक निवडलेले दिसते. १७०६ मध्ये बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि त्याचा जोडीदार प्लुट्शाउ याच बंदरात उतरले होते आणि भारतातले प्रॉटेस्टंट मिशनकार्य तिथूनच सुरू झाले. ती गोष्टही पाहण्यासारखी आहे. मिशनरी जर्मन, पंथाने लुथरन. पाठवणारा डेन्मार्कचा राजा. छापखाना आणि पुढे पैसा पुरवणारी संस्था लंडनची, अँग्लिकन. अठराव्या शतकभर दक्षिणेत अँग्लिकन संस्थेच्या पगारावर लुथरन पाळक बाप्तिस्मे देत होते, प्रभुभोजन वाढत होते, आणि बिशपाचा हात डोक्यावर पडला नाही म्हणून कुणाचे काही अडले नव्हते. पंथाची कडेकोट व्यवस्था नंतर आली. एकीची मागणी करणाऱ्यांना हा दाखला फार उपयोगी पडला.

तरंगमबाडीच्या जाहीरनाम्याचा मथितार्थ साधा होता. हे भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत, ते आमच्यावर लादले गेले आहेत, ते पुढे चालवायची आम्हाला इच्छा नाही. आणि एकट्याने या देशापुढचे काम आम्हाला झेपणारे नाही. एकीसाठी चार गोष्टींवर सहमती मागितली होती. पवित्र शास्त्र, प्राचीन मतांगीकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि बिशपांची ऐतिहासिक परंपरा, पण इथल्या मातीला जुळवून घेतलेली. त्या साली देशात रौलट कायदा आणि जालियनवाला बाग गाजत होते. वसाहतीचा राग चर्चमध्येही झिरपला असेल तर नवल नाही, जरी जाहीरनाम्याची भाषा तशी मवाळ होती.

दोन दिवसांत ठरलेले प्रत्यक्षात यायला अठ्ठावीस वर्षे लागली. १९२० पासून समितीच्या बैठका, १९२९ मध्ये पहिला मसुदा, मग त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या. घोडे अडले ते नेहमीच्याच जागी: बिशप. काँग्रिगेशनल म्हणत, बिशपाशिवाय आमच्या पाळकांनी शंभर वर्षे दिलेले प्रभुभोजन खोटे होते, असे आम्ही मान्य करू काय? अँग्लिकन म्हणत, बिशपाविना दीक्षित माणसाला आमच्या वेदीपाशी उभे करू तर आमच्याकडे उरेल काय? तोडगा असा निघाला की जुन्या पाळकांना पुन्हा दीक्षा द्यायची नाही, जो जसा आहे तसा स्वीकारायचा. मात्र यापुढची प्रत्येक दीक्षा बिशपाच्या हातून व्हायची. तीस वर्षांत जुनी पिढी संपेल आणि प्रश्न आपोआप निकालात निघेल. कारभारी माणसाला शोभेल असा हा तोडगा. इंग्लंडातल्या सनातनी अँग्लिकनांना मात्र तो विष वाटला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, लंडनवर बाँब पडत असताना, कवी टी. एस. एलियट यांनी दक्षिण भारतातल्या या योजनेविरुद्ध एक चोपडे लिहून काढले. ही एकी म्हणजे विनाश, असा त्याचा सूर. तेलुगू मुलखातल्या खेड्यांत कोणी कोणाच्या हातची भाकर घ्यावी, याची चिंता लंडनला वाहिली जात होती.

मधल्या काळात एक महाराष्ट्रातला धागा येतो. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि सगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांची त्यांच्याकडे रीघ लागली. अझरय्यांच्या चरित्रकथनात त्या सुमाराचा एक प्रसंग सांगितला जातो. आंबेडकरांनी बिशपांना विचारले: आमचे लोक ख्रिस्ती झाले तर ते जिथे कुठे राहतात तिथे सगळे एकाच चर्चमध्ये एकत्र राहू शकतील काय? आणि त्यांना जातिभेदापासून पूर्ण सुटका मिळेल काय? दोन्ही प्रश्नांना होय म्हणता आले नाही, आणि आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती, असे बिशप पुढे सांगत. आंबेडकरांचा निर्णय या एका उत्तरावर ठरला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यांची कारणे कितीतरी खोल होती. पण प्रश्न नेमका वर्मावर होता. तालुक्यावार पंथ वाटणाऱ्या व्यवस्थेकडे त्याचे उत्तरच नव्हते.

१ जानेवारी १९४५ ला अझरय्या वारले. त्यांनी पाहिलेले स्वप्न २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये खरे झाले. स्वातंत्र्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते, पंजाब जळत होता. बिशप सी. के. जेकब यांनी अँग्लिकन, मेथडिस्ट आणि साउथ इंडिया युनायटेड चर्च ही तिन्ही आता एक चर्च झाल्याची घोषणा केली. दहा-अकरा लाखांच्या या नव्या चर्चचे नाव चर्च ऑफ साउथ इंडिया, सीएसआय. बिशप नको म्हणणाऱ्या परंपरेतून आलेला स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनरी लेस्ली न्यूबिगिन मदुराईकडचा बिशप झाला. नंद्यालकडच्या अँग्लिकन मंडळ्यांनी मात्र ‘आम्ही येणार नाही’ म्हणून दार लावून घेतले, ते उघडायला बरीच वर्षे गेली.

सीएसआयची खरी कमाई माझ्या मते घटनेत नाही, १९५० मध्ये त्यांनी तयार केलेल्या प्रभुभोजनाच्या उपासनेत आहे. पाळक लोकांकडे तोंड करून उभा राहिला. आणि शांतीची देवघेव आली: देणाऱ्याने आपला उजवा तळवा घेणाऱ्याच्या उजव्या तळव्यावर ठेवायचा आणि दोघांनी आपापल्या डाव्या हाताने समोरच्याचा उजवा हात झाकायचा. पाळकाकडून निघालेली ही शांती बाकाबाकावरून मागे जाते. केरळच्या सुरियानी परंपरेतून घेतलेली ही रीत पुढे जगभरच्या चर्चनी उचलली. ज्या समाजात कोणाचा हात कोणाला लागावा यावर गाव वसते-उठते, तिथे बाकावरच्या शेजाऱ्याचा हात असा दोन्ही हातांत घेणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

उत्तरेची कथा अधिक चिवट. बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि १९७० पर्यंत चालली. त्याआधीच एक टप्पा १९२४ मध्ये पार पडला होता: अमेरिकन मराठी मिशनच्या आणि स्कॉटिश-अमेरिकन प्रेस्बिटेरियनांच्या मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले. म्हणजे नगर, कोल्हापूर, नागपूर एका छत्राखाली आले. नाशिक अजून बाहेरच. उत्तरेच्या बोलण्यांत टेबलापाशी दक्षिणेत नसलेले लोक बसले होते. बाप्टिस्ट, मध्य प्रदेशातले डिसायपल्स, आणि ब्रदरन.

ब्रदरनांची ओळख करून दिली पाहिजे. १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्सेनाउ गावी आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेऊन हा पंथ काढला. छळामुळे ते अमेरिकेत गेले, तिथून १८९०च्या दशकात बलसाडला आले, पुढे अंकलेश्वर, डहाणू, वाडा. त्यांचा बाप्तिस्मा तीनदा पुढे वाकवून पाण्यात बुडवण्याचा, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने एकेकदा. युद्धात शस्त्र धरणे नाही, शपथ घेणे नाही. प्रभुभोजन संध्याकाळी, आणि त्याआधी एकमेकांचे पाय धुवायचे. परात, पाण्याचे भांडे, टॉवेल; पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. पाय धुऊन झाले की साधे जेवण, मग भाकर आणि प्याला. मध्यरात्री वेदीवर मेणबत्त्या लावून ख्रिस्तजन्माची उपासना करणाऱ्या अँग्लिकन डीनला आणि या माणसांना एका चर्चमध्ये बसवायचे होते.

बाप्तिस्म्यावर तोडगा निघाला तो असा. दोन्ही वाटा सारख्या मानायच्या. ज्यांना हवे त्यांनी बाळाला बाप्तिस्मा द्यावा आणि त्याने मोठेपणी स्वतः कबुली द्यावी. ज्यांना ते पटत नाही त्यांनी बाळाचे समर्पण करावे आणि बाप्तिस्मा कळत्या वयात घ्यावा. कबुली दिल्याखेरीज प्रभुभोजन नाही, इतके दोघांना मान्य. एखाद्या पाळकाचे मन बालकाला बाप्तिस्मा द्यायला घेत नसेल तर त्याने दुसऱ्याला बोलवावे. मग उरला कठीण प्रश्न: लहानपणी बाप्तिस्मा झालेला माणूस मोठेपणी, तो खरा नव्हता, मला पाण्यात बुडवा म्हणाला तर? अँग्लिकनांच्या लेखी ही ईश्वरनिंदा, बाप्टिस्टांच्या लेखी सद्सद्विवेकाची हाक. घटनाकारांनी उत्तर दिले नाही. असे प्रकरण बिशपाकडे पाठवावे, एवढे लिहून पुढे गेले.

पाळकांच्या बाबतीतही तेच शहाणपण. दक्षिणेसारखी तीस वर्षे वाट पाहायची नाही, पहिल्याच दिवशी सगळ्या पाळकांची पदे एकत्र करायची, असे उत्तरेने ठरवले. सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि प्रार्थना अशी करायची की देवाने यांना आधी जे दिले आहे ते आहेच. त्यात त्याच्या इच्छेने ज्या कृपेची वा अधिकाराची भर पडायची असेल ती त्याने घालावी. ही पुनर्दीक्षा आहे काय? अँग्लिकन मनात हो म्हणू शकत होता. प्रेस्बिटेरियन नाही म्हणू शकत होता. प्रार्थनेचे शब्द दोघांनाही आड येत नव्हते. टीकाकारांनी याला शब्दांची लबाडी म्हटले. मला ती लबाडी वाटत नाही. चाळीस वर्षे वाद घालून जे कळले नाही ते आम्हाला कळत नाही, देवाला कळते, असे प्रार्थनेतच सांगून टाकणे हा त्या टेबलावरचा सर्वात प्रामाणिक क्षण असावा. एकी झाली ती मतभेद मिटले म्हणून नाही. काय बोलायचे नाही, हे त्यांना नीट ठरवता आले.

सगळ्यांना मात्र हे जमले नाही. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट, उत्तर भारतातल्या प्रॉटेस्टंटांत संख्येने मोठे, वर्षानुवर्षे बोलण्यांत होते. त्यांचे स्वतःचे बिशप होते. पण १७८४ मध्ये जॉन वेस्लीने, स्वतः बिशप नसताना, टॉमस कोकच्या डोक्यावर हात ठेवून अमेरिकेसाठी ही परंपरा सुरू केली, म्हणून अँग्लिकनांच्या हिशेबात ती धरली जात नसे. अगदी शेवटच्या महिन्यांत मेथडिस्टांचे मत फिरले आणि ते बाहेर पडले. छापलेली कागदपत्रे, ठरलेली तारीख, सगळे तसेच राहिले. १९८१ मध्ये त्यांनी आपले स्वतंत्र मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्थापले.

१ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ पाकिस्तान अस्तित्वात आले आणि चार आठवड्यांनी, २९ नोव्हेंबरला, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, सीएनआय. सहा चर्च त्यात विलीन झाली: अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. चौदा वर्षांपूर्वी याच शहरात डॉ. आंबेडकरांनी आपला मार्ग निवडला होता. त्यांनी अझरय्यांना विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर तिथे निम्मेशिम्मे तरी मिळाले. नगरची मुलगी नाशिकला सून म्हणून गेली तर आता तिला कोणी अडवत नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचे काय, ते दलित ख्रिस्ती आजही सिनॉडच्या सभांत विचारत असतात.

पुढच्या काळातली मला आवडणारी गोष्ट पुण्याची आहे. विन्स्लो यांनी नगर जिल्ह्यात सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम पुढे पुण्यात शिवाजीनगरला आला आणि कालांतराने ओस पडला. १९७२ मध्ये तो पुन्हा उघडला तो वाँटेजच्या अँग्लिकन जोगिणींनी, ज्या मठात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला त्याच मठाच्या शाखेने, रोमन कॅथलिक सेक्रेड हार्ट जोगिणींच्या बरोबरीने. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६४ मध्ये इतर ख्रिस्ती लोकांशी संवादाची वाट मोकळी केली नसती तर हे घडले नसते. सिस्टर सारा ग्रँट तिथे शंकराचार्यांच्या भाष्यांवर काम करत. रमाबाईंच्या मागे पंथाचा तगादा लावणाऱ्या सिस्टर जेराल्डिनच्या मठाचा हा प्रवास.

नागपुरात वेदीपाशी जे साधले ते कचेरीत साधले नाही. मिशने परत गेली तेव्हा मागे शाळा, दवाखाने, बंगले आणि शहरांच्या मध्यावर असलेल्या जमिनी राहिल्या. त्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत होत्या, आणि धर्मादाय आयुक्ताला ‘जे कमी असेल ते देव देईल’ या भाषेत अर्ज करता येत नाही. ब्रदरनांपैकी काही मंडळ्यांनी विलीनीकरण मानलेच नाही. आमचा न्यास आहे, आमची मालमत्ता आहे, असे म्हणून ते गुजरातच्या न्यायालयात गेले. दावा चालू राहिला. नागपूरला उपस्थित असलेली पिढी म्हातारी झाली, काही वारले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नोंदणी झालेला सार्वजनिक न्यास नुसता ठराव करून विसर्जित होत नाही, आणि त्याची मालमत्ता तशी दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. निकाल ब्रदरनांच्या बाजूने. त्यामुळे १९७० मध्ये आपले नाव सोडून एक झालेल्यांपैकी काही घराण्यांतली माणसे आज सीएनआयमध्ये आहेत आणि त्यांचे चुलत भाऊ त्याच गावात जुन्याच नावाच्या ब्रदरन मंडळीत. अमेरिकेतली मूळ मंडळी दोघांशीही नाते ठेवून आहे.